वाकड्यातिकड्या पृष्ठभागाला टॉलरन्स कसा द्यायचा

कर्व्ह असलेला पार्ट समोर आला की बरेच जण त्यावर पॉइंट काढून एकेकाला ±०.२ मिमी टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक, देत सुटतात. प्लीज असं करू नका, कारण तो ०.२ उभा मोजायचा की पृष्ठभागाला काटकोनात हे ड्रॉइंग सांगतच नाही, आणि उभा धरला तर जिथे उतार ६० अंशाचा आहे तिथे काटकोनात फक्त ±०.१ उरतो, म्हणजे मशीनवाल्याला तुम्ही नकळत दुप्पट टाइट काम दिलंत.

अशा आकाराला प्रोफाइल ऑफ सरफेस लावायचं, म्हणजे खऱ्या आकाराभोवती एक पट्टा (झोन) ठरतो आणि अख्खा पृष्ठभाग त्यात राहिला पाहिजे. पण सिम्बॉल टाकायच्या आधी डेटम, म्हणजे ज्या बाजू-होलांवरून मापं धरायची ते आधार, ठरवा, खरी मेहनत तिथेच आहे. पार्ट असेंब्लीत कशावर बसतो ते बघा. समजा कव्हर आहे, तर बसायची सपाट बाजू ए, लोकेटिंग होल बी, दुसरं होल किंवा स्लॉट सी. ए ने एक सरकणं आणि दोन फिरणी अडतात, बी ने उरलेली दोन सरकणी, सी ने शेवटचं फिरणं, झाला पार्ट लॉक. रफ कास्टिंग असेल तर अख्खी बाजू डेटम धरू नका, डेटम टार्गेट, म्हणजे त्या बाजूवरचे ठरावीक टेकू-पॉइंट, द्या, नाहीतर प्रत्येक पीस वेगळाच डुलेल.

मग कर्व्हची सगळी मापं बेसिक, म्हणजे स्वतःचा टॉलरन्स नसलेली आदर्श मापं, चौकटीत लिहायची. थ्रीडी मॉडेलवरून काम असेल तर मॉडेलची मापं बेसिक आहेत अशी नोट टाका आणि मॉडेलचा रिव्हिजन नंबर पण लिहा, हे हमखास राहतं.

आता आकडा. प्रोफाइल ०.४ म्हणजे एकूण झोन ०.४, खऱ्या आकाराच्या दोन्ही बाजूंना ०.२. यात खूप लोक चुकतात. झोन एकाच बाजूला हवा असेल तर एएसएमई वाय १४.५ (अमेरिकन ड्रॉइंग स्टँडर्ड) मध्ये वर्तुळातलं यू येतं आणि त्यापुढचा आकडा मटेरियलच्या बाहेर किती ते सांगतो, शून्य लिहिलं तर सगळा झोन आत. आयएसओ (आंतरराष्ट्रीय स्टँडर्ड) मध्ये मात्र यूझेड ही अक्षरं असतात आणि तिथला आकडा झोनचा मध्य किती सरकला ते सांगतो, तोच आत जाणारा झोन तिथे ०.४ यूझेड −०.२ असा लिहावा लागतो. एकाचा आकडा दुसऱ्यात कॉपी केलात तर पार्ट गेलाच समजा, म्हणून टायटल ब्लॉकमध्ये स्टँडर्ड लिहाच.

जागा थोडी हलली तर चालते पण आकार गुळगुळीत हवा, असं असेल तर दोन ओळी द्या: वर ०.८ ए बी सी, खाली वेगळ्या चौकटीत ०.२ बिना डेटमचा. खालची ओळ फक्त आकार धरते. उगाच सगळीकडे ०.२ ए बी सी ठोकू नका, खर्च वाढतो.

शेवटचं इन्स्पेक्शन. एकदा आमच्याकडे सीएमएम (पॉइंट स्पर्शून मोजणारं मशीन) रिपोर्टमध्ये सगळं हिरवं आणि कव्हर मात्र बसेना, शोधलं तर कळलं की ऑपरेटरने मोजलेले पॉइंट मॉडेलवर बेस्ट फिट करून, म्हणजे जास्तीत जास्त जुळतील असे सरकवून, बसवले होते, त्यात जागेची चूक पूर्ण लपली. डेटम दिले असतील तर अलाइनमेंट ए बी सी वरूनच झाली पाहिजे, आणि ती कशी केली ते रिपोर्टवर लिहून मागा.