काठावरचा विजय कसा वाचायचा
गुजरातमध्ये २०१७ साली भाजपला १८२ पैकी ९९ जागा मिळाल्या. बहुमताला ९२ लागतात, आणि २०१२ मध्ये ११५ होत्या. जिवावरचं असं शेपटावर निभावलं, की गुलाल धुण्याआधी फॉर्म २० काढा. त्यात प्रत्येक मतदान केंद्रावर कोणाला किती मतं पडली ते असतं. शेजारी मागच्या निवडणुकीचा ठेवा. केंद्रांची फेररचना झाली असेल तर आधी मतदार यादीवरून गावं जुळवून घ्या, नाहीतर तुलना फसते.

मग शहर आणि गाव वेगळं करा. एकूण टक्केवारी इथे हमखास दगा देते: सुरतने तारलं, सौराष्ट्रातल्या गावांनी पाठ फिरवली. कापूस-भुईमुगाच्या भावाचा राग सभेच्या गर्दीत दिसत नाही.

मताधिक्याशेजारी ‘नोटा’चा आकडा लिहा. गोध्रा २५८ मतांनी आलं, नोटा तीन हजारांवर! धोळक्यात फरक ३२७, बाद टपाली मतं ४२९. उच्च न्यायालयाने २०२० मध्ये ती निवडणूक रद्द ठरवली. पुढे सर्वोच्च न्यायालयाची स्थगिती मिळाली म्हणून निभावलं. तेव्हा टपाली मतांच्या टेबलावर नवखा पोरगा नको, नियम पाठ असलेला मतमोजणी प्रतिनिधीच बसवा.