सेल्युलॉइडच्या मुठीने केलेला घोळ

घडीच्या चाकूंच्या जुन्या जाहिराती, कॅटलॉग आणि कंपन्या भेट म्हणून वाटायच्या ते चाकू, असं सगळं मी एकाच घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवायचो. धूळ लागू नये, एवढाच विचार. एक दिवस डबा उघडला आणि नाकाला झोंबणारा आंबूस वास आला. एका चाकूच्या पितळी पट्टीवर हिरवा कळंक, पात्यावर गंज, आणि शेजारच्या कॅटलॉगचा कोपरा हात लावताच तुटला.

आधी दमटपणावर संशय घेतला. पण खराबी सगळी त्या एका चाकूभोवतीच होती! त्याची मूठ पारदर्शक सेल्युलॉइडची, आत दुकानाचं नाव आणि चित्र. अमेरिकेत ओहायोतल्या कँटनमध्ये असे चाकू पुष्कळ बनत. सेल्युलॉइड म्हणजे जुन्या काळचं प्लास्टिक, नायट्रोसेल्युलोज (नायट्रिक आम्लाची प्रक्रिया केलेला कापसासारखा तंतू) आणि कापूर यांचं. ते कुजायला लागलं की नायट्रोजनचे ऑक्साइड सुटतात, हवेतल्या ओलाव्याशी मिळून त्यांचं नायट्रिक आम्ल होतं. बंद डब्यात ते कोंडून राहिलं.

तो चाकू लगेच वेगळा काढला. पात्याचा गंज पुसून तेलाचा हलका हात दिला, मुठीला तेल लावलं नाही. सेल्युलॉइडच्या मुठीचे सगळे चाकू आता उघड्या ट्रेमध्ये, थंड जागी, उन्हापासून आणि आगीपासून दूर असतात, कारण हा पदार्थ भडकन पेटतो. कागद आम्लरहित पाकिटांत, दुसऱ्या कपाटात. महिन्याने एकदा प्रत्येक मुठीचा वास घेतो. नुसता कापराचा आला तर जीव भांड्यात पडतो. कॅटलॉगचा कोपरा मात्र गेला तो गेलाच.