गल्लीतले घर नव्याने बांधताना मेंदूचा विचार कसा करावा

बेळगावच्या जुन्या गल्ल्यांत, शहापुरात, वडगावात किंवा निपाणीच्या पेठेत घराची जागा बहुधा अरुंद आणि लांब असते. दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांना टेकलेल्या असल्याने उजेड येतो तो पुढच्या सोप्यातून, मागच्या परसातून आणि छपरात बसवलेल्या काचेच्या कौलातून. असे घर पाडून स्लॅबचे बांधताना परसावरही खोली चढते, काचेचे कौल जाते आणि मधली खोली दिवसभर ट्यूबलाइटवर राहते. नकाशा काढायला देण्यापूर्वी या मधल्या खोलीचाच विचार आधी करावा.

डोळ्याच्या पडद्यात मेलॅनोप्सिन हे प्रकाश टिपणारे द्रव्य असलेल्या काही पेशी असतात. वस्तू दाखवण्यापेक्षा, उजाडले की नाही हे मेंदूच्या हायपोथॅलॅमस या भागातील घड्याळाला कळवणे हे त्यांचे मुख्य काम असते, आणि आपली झोप व दिवसाची तरतरी त्याच घड्याळावर चालते. ढगाळ दिवशीही बाहेर काही हजार लक्स (उजेड मोजण्याचे एकक) उजेड असतो. ट्यूबलाइटच्या खोलीत तो शंभर-दोनशेच्या आसपास भरतो. डोळा जुळवून घेत असल्यामुळे हा फरक जाणवत नाही, म्हणून तो मोजावा. मोबाइलवरचे लक्स मोजणारे अॅप तंतोतंत नसले तरी तुलनेपुरते चालते. जुने घर पाडण्यापूर्वी, शक्यतो जुलैतल्या एखाद्या सकाळी, प्रत्येक खोलीत बसल्यावर डोळे येतात त्या उंचीवरचा आकडा टिपून घ्यावा. आपल्याकडे पावसाळ्यात सूर्यदर्शन दुर्मीळ असते, त्यामुळे मार्चमधला आकडा फसवतो.

त्यानंतर घराच्या मध्यावर चारेक फूट रुंदीची जागा तळापासून गच्चीपर्यंत मोकळी ठेवावी आणि जिना तिथेच घ्यावा, म्हणजे जागा वाया जात नाही. वर पारदर्शक पत्रा स्लॅबपासून फूटभर उचलून बसवावा, फटीला जाळी लावावी आणि पत्रा चारही बाजूंनी दोन फूट बाहेर काढावा. पश्चिमेची झड तरीही आत येते. त्या बाजूला तिरप्या पट्ट्या लावाव्यात. भिंतींना पांढराच रंग द्यावा. घरापुढच्या दर्शनी सजावटीवर होणारा खर्च या मोकळ्या जागेच्या तुलनेत मला तरी दुय्यम वाटतो.

आवाजाचे गणित सोपे आहे. १९७५ मध्ये न्यूयॉर्कमधील रेल्वेमार्गालगतच्या एका शाळेत गोंगाटाच्या बाजूच्या वर्गांतील मुले वाचनात मागे असल्याचे दिसले. पुढे आवाज कमी करण्याचे उपाय झाल्यावर हा फरक उरला नाही. टिळकवाडीत रेल्वे गेटजवळ राहणाऱ्यांनी मुलांच्या अभ्यासाची खोली मागच्या बाजूला घ्यावी, हे वेगळे सांगायला नको. रिकाम्या खोलीत टाळी वाजवल्यावर आवाज घुमत असेल, तर जाड पडदे, पुस्तकांचे कपाट किंवा भिंतीवर टांगलेली वाकळही उपयोगी पडते.

खिडकीबाबत संशोधक रॉजर उलरिच यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास लक्षात घ्यावा. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांपैकी ज्यांना खिडकीतून झाडे दिसत होती, ते विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामके कमी लागली. म्हणून झाड लावले की दुखणे पळते, असा अर्थ कोणी काढू नये. परसात एखादा कढीपत्ता किंवा पपई राखता येत असेल, तर तिकडची खिडकी जमिनीपासून दोन फुटांवर सुरू करावी. गवंडी सवयीने तीन फूट धरतो, आणि मग खाटेवर पडलेल्या माणसाला फक्त आभाळ दिसते. खाट मांडून, तिच्यावर आडवे होऊन नजर कुठे जाते ते पाहावे आणि मगच माप सांगावे.

घरात वृद्ध माणसे असतील, तर खोल्यांचा क्रम शक्यतो मोडू नये. जागा लक्षात ठेवणाऱ्या, मेंदूच्या हिप्पोकॅम्पस या भागातील काही पेशी विशिष्ट जागी पोहोचल्यावरच सक्रिय होतात, हे मेंदूचे अभ्यासक जॉन ओकीफ यांनी १९७१ मध्ये दाखवले आणि २०१४ मध्ये त्यांना मोझर दांपत्यासह नोबेल मिळाले. सोपा, माजघर, स्वयंपाकघर, परसू ही वाट ज्या आजींच्या अंगवळणी पडली आहे, त्यांना तळमजल्यावर तोच क्रम मिळावा. त्यांच्या खाटेवरून शौचालयाचे दार सरळ दिसावे, त्या दाराचा रंग भिंतीहून वेगळा असावा आणि रात्री वाटेवर, जमिनीपासून फूटभर उंचीवर, पांढरा नव्हे तर मंद पिवळा दिवा लावावा. त्यासाठीचे वायरिंग गिलाव्याआधीच करून घ्यावे.