टीओसी नापास? आधी नळ आणि व्हायल बघा

लोटे-परशुराम असो, महाड असो की रोहा, फार्मा प्लांटमध्ये पाण्याचा टीओसी (एकूण सेंद्रिय कार्बन) लिमिटबाहेर गेला की पहिला संशय तो मोजणाऱ्या मशीनवर. माझ्या अनुभवात दोष बहुतेक वेळा सॅम्पलिंग पॉइंटवरच सापडतो.

लिमिट 500 पीपीबी (अब्जात 500 भाग), म्हणजे लिटरमागे अर्धा मिलिग्रॅम कार्बन. आयपीए, म्हणजे जंतू मारायला फवारतात ते आयसोप्रोपिल अल्कोहोल, त्याच्या वजनात 60 टक्के कार्बनच असतो. नळाच्या तोंडावर फवारलेल्या 70 टक्के आयपीएचा एकच थेंब लिटरभर सॅम्पलमध्ये उतरला, तर आकडा लिमिटच्या साधारण 30 पट जातो. एका रात्रपाळीत आमचा एकच पॉइंट नापास झाला. चौकशी केली तर मायक्रोचं (जंतू तपासणीचं) सॅम्पल आधी घेतलेलं, नळ आयपीएने ओला. तेव्हापासून आमच्याकडे टीओसीचं सॅम्पल आधी, मायक्रोचं नंतर. व्हायल (सॅम्पलची छोटी बाटली) काठोकाठ भरा, आणि झाकणाच्या आतल्या बाजूला हातमोजा लागू देऊ नका.

पावसाळ्यात गोष्ट वेगळी. नदीच्या पाण्यात पालापाचोळ्याचा अर्क उतरतो, क्लोरीनचा डोस वाढतो, आणि दोन्ही मिळून क्लोरोफॉर्म तयार होतो. आरओ त्याला नीट अडवत नाही. शिवाय थेट कंडक्टिव्हिटी मोजणाऱ्या मशीनमध्ये त्यातल्या क्लोरीनचं आम्ल होतं आणि आकडा फुगतो. अशा वेळी मेम्ब्रेनवाल्या मशीनवर (पडद्यातून कार्बन डायऑक्साइडच पुढे सोडून तो मोजणाऱ्या) पुन्हा तपासा. यूव्ही दिवाही बघा: 254 नॅनोमीटरचा जंतू मारतो, टीओसी उतरवायला 185 लागतो.

सिस्टीम सुटेबिलिटीत (मशीनच्या ठरलेल्या चाचणीत) बेंझोक्विनोन, म्हणजे ऑक्सिडाइज व्हायला अवघड पदार्थ, 85 टक्क्यांच्या खाली आलं, तर सोल्यूशन ताजं करून एकदा बघा. तरीही कमीच आलं तर मशीनचं ऑक्सिडेशन अपुरं पडतंय.

क्लिनिंग व्हॅलिडेशनमध्ये (भांडी नीट धुतली गेली हे सिद्ध करताना) कापसाचा स्वॅब, म्हणजे पुसून नमुना घेण्याचा बोळा, वापरू नका, त्याचाच कार्बन मोजला जातो. पॉलिस्टरचा घ्या, आणि प्रत्येक लॉटचा ब्लँक (न वापरलेल्या स्वॅबचा आकडा) काढा. पण खरी भीती वेगळीच आहे. औषध पाण्यात विरघळतच नसेल, तर भांड्याला थर असूनही रिन्सचा (भांडं विसळलेल्या पाण्याचा) टीओसी छान येतो. नापास रिझल्टपेक्षा हा खोटा पास मला जास्त छळतो, कारण पुढची बॅच त्याच भांड्यात जाणार असते आणि ती गोळी कुणाच्या तरी घरी पोचणार असते. म्हणून पद्धत ठरवण्याआधी स्टीलच्या पट्टीवर औषधाचं ठरलेलं प्रमाण लावा, वाळवा, स्वॅब करा आणि किती परत मिळतं ते मोजा. रिकव्हरी हाती लागत नसेल, तर त्या औषधासाठी टीओसी सोडा आणि एचपीएलसी (औषध वेगळं करून नेमकं तेच मोजणारी पद्धत) लावा.