गिटारच्या व्हॉल्व्ह अ‍ॅम्पचा बायस बदलताना या चुका टाळा

बायस म्हणजे सिग्नल नसताना व्हॉल्व्हमधून (काचेच्या नळीतून) किती करंट वाहावा याची जुळणी. ती करताना सर्वांत जास्त आढळणारी चूक म्हणजे दुसऱ्याच्या अ‍ॅम्पचा मिलिअँपिअरचा आकडा जसाच्या तसा उचलणे. ईएल-३४ या आउटपुट व्हॉल्व्हच्या प्लेटची (करंट गोळा करणाऱ्या धन टोकाची) उष्णतेची मर्यादा २५ वॅट आहे आणि फिक्स्ड बायसच्या (ग्रिडला वेगळे ऋण व्होल्टेज देणाऱ्या), पुश-पुल (व्हॉल्व्ह जोडीने, आळीपाळीने चालणाऱ्या) अ‍ॅम्पमध्ये सिग्नल नसताना साधारण ७० टक्के, म्हणजे १७.५ वॅटपर्यंत राहावे असा संकेत आहे. प्लेटवर ४५० व्होल्ट असतील तर हा हिशेब सुमारे ३९ मिलिअँपिअर येतो, ५०० व्होल्ट असतील तर अवघा ३५. म्हणून आधी प्लेटचे व्होल्टेज मोजावे, मगच करंट ठरवावा. कॅथोड (व्हॉल्व्हचे इलेक्ट्रॉन सोडणारे टोक) आणि ग्राउंड यांच्यामध्ये एक ओहमचा रेझिस्टर बसवला की त्यावरचा एक मिलिव्होल्ट म्हणजे एक मिलिअँपिअर. त्यात स्क्रीनचा (व्हॉल्व्हमधल्या दुसऱ्या जाळीचा) थोडा करंटही मिसळलेला असतो, पण ती चूक सुरक्षित बाजूची आहे.

सांगली परिसरात याला आणखी एक बाजू आहे. शेतीपंप चालू असताना अनेक गावांत लाइनचे व्होल्टेज खाली येते आणि पंप थांबले की वर चढते. २१० व्होल्टवर जुळवलेला अ‍ॅम्प २४० व्होल्टवर लावला, तर प्लेटचे ४०० व्होल्ट ४५० च्या पुढे जातात. ग्रिडचे (करंट आवरणाऱ्या जाळीचे) ऋण व्होल्टेजही त्याच प्रमाणात वाढते, परंतु तेवढ्याने प्लेटवरचा भार पूर्ववत होत नाही. मोजमाप करताना लाइनचे व्होल्टेजही लिहून ठेवावे आणि लाइन चढलेली असतानाच बायस लावावा.

केवळ कानाने बायस लावू नये. मिरजेचे कारागीर सतारीची जवारी कानाने लावतात, कारण तिथे चूक झाली तर स्वर बिघडतो. इथे आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो.

एकाच व्हॉल्व्हची प्लेट तापून लाल होत असेल तर बायसचा पॉट (फिरवता येणारा रेझिस्टर) फिरवून तो थंड करणे ही माझ्या मते सर्वांत घातक चूक आहे, कारण त्यामुळे खरा दोष झाकला जातो. अ‍ॅम्प बंद करून दोन्ही व्हॉल्व्हची अदलाबदल करावी. लाली व्हॉल्व्हबरोबर सरकली तर व्हॉल्व्ह खराब. त्याच सॉकेटवर राहिली तर कपलिंग कपॅसिटर (आधीच्या टप्प्यातला सिग्नल ग्रिडला देणारा) गळतो आहे का, ग्रिडचा रेझिस्टर तुटला आहे का आणि बायसचे ऋण व्होल्टेज त्या पिनपर्यंत पोहोचते का, हे पाहावे.

पॉट नव्याने बसवताना तो ग्राउंडकडच्या बाजूला, एका रेझिस्टरच्या मालिकेत जोडावा. मग पॉटचा संपर्क तुटला तरी ग्रिड अधिक ऋण होते आणि व्हॉल्व्ह वाचतो. बायसचा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर बदलताना त्याचे धन टोक ग्राउंडला जाते, हे घाईत विसरले जाते.

कॅथोड बायसच्या (कॅथोडच्या रेझिस्टरवरच बायस तयार होणाऱ्या) अ‍ॅम्पमध्ये पॉट शोधत बसू नये. तिथे कॅथोडचा रेझिस्टरच बदलावा लागतो.

बंद केलेल्या अ‍ॅम्पमध्येही फिल्टर कपॅसिटर शेकडो व्होल्ट धरून ठेवू शकतात. ते रेझिस्टरमधून रिकामे करून मीटरने खात्री केल्याशिवाय आत हात घालू नये, आणि स्पीकर जोडल्याशिवाय अ‍ॅम्प चालू करू नये. बायस लावल्यावर अर्ध्या तासाने पुन्हा मोजावे, कारण तापल्यावर करंट सरकतो.