मारुती ८००च्या गंजलेल्या रिम घरी कशा रंगवायच्या (आणि कुठे रंग अजिबात लावायचा नाही)

आमच्याकडे २००३ची मारुती ८०० आहे, रत्नागिरीत, समुद्र घरापासून हाकेच्या अंतरावर. त्याने लोखंडाचं काय होतं ते इकडच्या माणसांना सांगायला नको. बाबांनी टायर तीनदा बदलले पण रिमकडे कोणी ढुंकून बघितलं नाही, कारण वर प्लास्टिकची व्हील कॅप, आत काय चाललंय कोणाला दिसणार. मग एक कॅप हायवेला कुठेतरी पडली आणि सगळं उघड्यावर आलं. हाताने सोललं तर पोपडे पडत होते.

पहिल्या वेळी मी काय केलं, तर वायर ब्रश दोनचार वेळा फिरवला, घरात गेटचा उरलेला सिल्व्हर ऑइल पेंट होता तो ब्रशने फासला आणि मोकळा झालो. एक पावसाळा टिकला. गणपतीपर्यंत खालून गंज फुगून वर आला, पापडासारखा. म्हणून आता जे सांगतोय ते दुसऱ्या वेळचं आहे, आणि यात रंगाचं काम कमी, घासायचं काम जास्त.

वेळ कधीची धरायची? आमच्या बाजूला दिवाळीनंतर ते होळीपर्यंत. पावसाळ्यात तर नकोच, मे महिन्यातही घामट हवेत करू नका. हवेत दमटपणा ८५ टक्क्यांच्या वर असेल तर रंगाखाली ओल अडकते, आणि घासून उघडं केलेलं लोखंड तासाभरात पिवळसर पडायला लागतं. सकाळी दव वाळून गेलं की सुरू करा, प्रायमर दुपारपर्यंत लागला पाहिजे.

आता चाक काढणं. चारही चाकं एकदम काढायची हौस करू नका. स्टेपनी आहे ना, आधी तिची रिम रंगवून घ्या, मग ती एका जागी लावा, निघालेलं चाक घ्या, असं एकेक करत जा, गाडी कायम चार चाकांवर उभी राहते. काहीजण गाडीखाली जांभा चिरा लावतात, कृपा करून नको, चिरा वजनाखाली कधी फुटेल सांगता येत नाही. जाड लाकडी ओंडका ठेवा, आणि तरीही गाडीखाली शिरू नका. नट चाक जमिनीवर असतानाच अर्धा फेरा सैल करून घ्यायचे, मग जॅक. चाक हबला (ज्या मधल्या भागावर ते नटांनी बसतं त्याला) गंजून चिकटलं असेल तर मागच्या बाजूने टायरवर रबरी हातोडीने ठोका, चारी बाजूंनी थोडं थोडं.

टायर पंक्चरवाल्याकडून उतरवून घ्या, हे माझं ठाम मत. टायर न काढता पण होतं, हवा सोडून टायरची कड आत दाबायची आणि रिम आणि रबर यांच्या फटीत जुन्या लग्नपत्रिका गोल खोचायच्या, मास्किंगपेक्षा भारी काम करतात. पण तसं केलं तर टायर जिथे बसतो ती जागा तशीच राहते, आणि खरा गंज तिथेच असतो. ट्यूबलेस असेल तर हवा हळूहळू उतरते ती त्याच खडबडीतपणामुळे, आपण मात्र पंक्चर शोधत बसतो. बॅलन्सिंगची शिशाची वजनं काढून टाका, नंतर नव्याने बॅलन्सिंग करायचंच आहे.

रंगवायच्या आधी रिम रंगवण्यालायक आहे का ते बघा. नटांच्या भोकांभोवती आणि हवेच्या खिडक्यांच्या कोपऱ्यांना तडा दिसतोय का, मधली डिस्क बाहेरच्या रिमला वेल्ड केलेली असते त्या जोडावर टोकदार स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा. आत गेला, किंवा खड्डे खोल असतील, तर ती रिम भंगारात. वेल्डिंगवाला म्हणेल मारून देतो, तरी नको. आणि टायर चढवलेला असताना रिमला वेल्डिंग कधीच नाही, आतलं रबर तापून पेट घेणारा वायू तयार होतो आणि टायर बॉम्बसारखा फुटतो, हवा काढलेली असली तरी. आमच्या पाचपैकी एक अशीच गेली, भंगारवाल्याकडून दुसरी चांगली मिळाली.

मग धुणं. हे लोक विसरतात. समुद्राकाठच्या गाडीच्या गंजात मीठ असतं आणि ते खड्ड्यात बसलेलं असतं, वरून कितीही चकाचक घासा, मीठ राहिलं की रंगाखाली फोड येणारच. म्हणून साबणाने धुवा, मग गोड्या पाण्याने तीनचार वेळा, ग्रीस असेल तिथे डिझेल लावून पुन्हा साबण.

गंज काढायला मी दोन गोष्टी केल्या. उघड्या भागाला ग्राइंडरवर वायरचा कप ब्रश. चार इंची ग्राइंडर ११ हजार आरपीएमच्या आसपास फिरतो, ब्रशवर लिहिलेला स्पीड त्याहून कमी असेल तर तो लावू नका, तारा सुटून उडतात. गॉगल, मास्क, पूर्ण बाह्यांचा शर्ट. माझ्या शर्टात तार घुसलेली संध्याकाळी सापडली, तेव्हापासून वरून जुना जाड रेनकोट घालतो, लोक हसतात ते हसू देत.

कोपऱ्यात, जोडात ब्रश पोचत नाही, तिथे सायट्रिक अॅसिड. किराणा दुकानात लिंबूफूल म्हणून मिळतं तेच. १२ इंची रिम छोटी असल्यामुळे धुण्याच्या प्लास्टिक टबात आडवी बसते, मला साधारण १५ लिटर पाणी लागलं त्यात किलोभर टाकलं. रात्रभर ठेवायचं, सकाळी काढून जुन्या ब्रशने घासलं की काळा चिखल निघतो आणि खाली करडं लोखंड. दोन दिवस विसरू नका, चांगलं लोखंडपण खायला लागतं. बाहेर काढल्यावर खायच्या सोड्याच्या पाण्याने धुवून, साध्या पाण्याने धुवून, लगेच फडक्याने पुसून उन्हात किंवा हेअर ड्रायरने कोरडी करायची, लगेच म्हणजे लगेच, चहा प्यायला गेलात तर परत पिवळी.

संडास साफ करायचं अॅसिड वापरू का असं बरेच जण विचारतात. नका वापरू. गंज पटकन निघतो खरा पण त्यातलं क्लोराइड जोडांच्या फटीत राहतं आणि आठवड्यात तिथूनच पुन्हा गंज फुटतो, शिवाय वाफ नाकातोंडात जाते ती वेगळीच.

एवढं करून खड्ड्यात काळपट ठिपके राहतातच. त्यावर फॉस्फोरिक अॅसिडवालं रस्ट कन्व्हर्टर ब्रशने लावायचं, ते उरलेल्या गंजाचं लोह फॉस्फेट करतं, काळं पडतं. बाटलीवर लिहिलेला वेळ पाळा, आणि पोपडे असलेल्या गंजावर लावून काही होत नाही, सैल गंज आधी गेलाच पाहिजे. मग ८० नंबरचा पॉलिश पेपर, १२०, शेवटी २२०. जुना रंग जिथे घट्ट आहे तिथे उघड्या लोखंडाच्या कडेला हाताला पायरी लागता कामा नये. शेवटी थिनरच्या फडक्याने पुसायचं, आणि त्यानंतर रिमला उघडा हात लावायचा नाही, बोटाचं तेल लागलं की तिथे रंग सुटतो.

रंगाला हात लावायच्या आधी ही जागा नीट वाचा, कारण इथे चूक झाली तर चाक सैल होतं. रिमची हबला टेकणारी मागची सपाट बाजू, मधलं भोक, आणि नट बसतात त्या उतरत्या कडा, इथे रंगाचा जाड थर नको. नटाखाली रंग दबतो, चुरगाळतो, आणि नट आपोआप सैल होतात. मी नटांच्या जागी मास्किंग टेपच्या गोल टिकल्या लावल्या, मागच्या सपाट भागाला फक्त प्रायमरचा एक पातळ हात. टायर बसतो तिथेही पातळच, पण गुळगुळीत.

प्रायमर इपॉक्सीचा, दोन डब्यांचा मिसळायचा मिळाला तर उत्तम, नाहीतर रेड ऑक्साइडचा चांगला स्प्रे. स्प्रे वीस-पंचवीस सेंटीमीटरवरून, हात सतत फिरता, ओघळ येईल एवढा जाड मारायचा नाही. दोन हात, मध्ये दहा-पंधरा मिनिटं. आधी आतली बाजू आणि खिडक्यांच्या कडा, मग दर्शनी. वाळल्यावर ४०० नंबरचा वॉटर पेपर पाण्यात भिजवून हलका फिरवा.

मग सिल्व्हर, तीन पातळ हात. एक गंमत सांगतो, म्हणजे तेव्हा गंमत नव्हती: पहिल्यांदाचा ऑइल पेंट एका रिमवर थोडा राहिला होता, त्यावर मी एनसी (नायट्रोसेल्युलोज, पटकन वाळणारा रंग) स्प्रे मारला, आणि डोळ्यादेखत सगळा रंग आक्रसला, दुधावरची साय जमा व्हावी तसा. एनसी थिनर खालचा ऑइल पेंट उचलतो. म्हणून प्रायमर आणि रंग एकाच जातीचे घ्या, खाली काय आहे माहीत नसेल तर मागच्या बाजूला आधी मारून बघा.

एवढं सगळं नको वाटत असेल तर सरळ पावडर कोटिंग करा. भोसरी, अंबड, शिरोली अशा एमआयडीसीत करणारे भेटतात, सँडब्लास्ट करून भट्टीत १८०-२०० डिग्रीला भाजतात, टिकतं. फक्त नटांच्या जागा झाकायला सांगा, आणि आधी टायर, वॉल्व्ह काढून द्या.

घरच्या रंगाला टायर चढवायच्या आधी निदान दोनतीन दिवस द्या, ऑइल पेंट असेल तर आठवडा. नाहीतर पंक्चरवाल्याच्या मशीनची धार रंग खरवडते आणि मग शिव्या त्याला बसतात. नवा वॉल्व्ह टाका, बॅलन्सिंग करून घ्या. नट आधी हाताने फिरवा, मग समोरासमोरचे आळीपाळीने घट्ट करा, पान्यावर उभं राहून नाचायचं नाही, मॅन्युअलमध्ये टॉर्क (किती जोराने आवळायचं ते) दिलाय तेवढाच. आणि गाडी पन्नास ते शंभर किलोमीटर चालली की परत एकदा पाना लावून बघा, माझे त्या वेळी दोन नट थोडे फिरले होते.