टीबी ‘रक्तातच’ आहे का? आधी एक कोरा कागद घ्या

“आजोबांना होता, काकांना झाला, आता मुलाला झाला. म्हणजे आमच्या रक्तातच आहे ना?” जनुकीय समुपदेशनाच्या कामात मला हा प्रश्न ठरलेला. हो-नाही म्हणायच्या आधी मी कोरा कागद पुढे सरकवते. तुम्हीही महागड्या तपासण्यांची चौकशी करण्याआधी हेच करा.

वंशावळ काढा. पुरुषाला चौकोन, स्त्रीला गोल, नवरा-बायकोमध्ये आडवी रेघ, मुलं खाली. टीबी झालेल्यांची आकृती काळी भरा. एखादं जोडपं लग्नाआधीपासून नात्यातलं असेल, मामेबहीण-आतेभाऊ वगैरे, तर त्यांच्यामध्ये आडव्या रेघा दोन. ही दुहेरी रेघ पुढे लागणार आहे. प्रत्येक काळ्या आकृतीशेजारी आजाराचं वर्ष, तेव्हाचं वय आणि टीबी कशाचा होता ते लिहा: फुप्फुसाचा, गाठींचा, मणक्याचा. हा तपशील लोक हमखास गाळतात. लागण मुख्यतः फुप्फुसाच्या टीबीतून, खोकल्यावाटे होते. मणक्याचा टीबी असलेल्या मावशीपासून भाच्याला सहसा काही होत नाही.

आता दुसऱ्या रंगाचं पेन घ्या आणि कुंपण आखा. त्या वर्षांत एका छपराखाली कोण राहत होतं? एका खोलीत कोण झोपत होतं? आजारी माणसाची उशापायथ्याशी बसून सेवा कोणी केली?

बहुतेक कागदांवर काळ्या आकृत्या या कुंपणातच सापडतात, आणि त्यांत कितीदा तरी घरची सून असते. तिचं या घराशी रक्ताचं नातं नाही, फक्त हवा एक. मी त्या गोलावर बोट ठेवते आणि पुढचं अर्धं बोलणं वाचतं.

वर्षांच्या अंतराने मात्र फसू नका. लागण झालेल्यांपैकी ५ ते १० टक्क्यांनाच आयुष्यात कधीतरी आजार होतो. त्यातल्या बऱ्याच जणांना पहिल्या दोनेक वर्षांत, पण काहींना वीस-तीस वर्षांनीही. लहानपणी आजोबांच्या खोलीत झोपणारी आत्या चाळिशीत, दूर राहत असताना आजारी पडली, तरी तिला कुंपणात धरा. दोघांचे जंतू तपासणीत वाढवून जपलेले असतील, तर त्यांच्या जनुकक्रमांची तुलना करून लागण एकाच साखळीतली आहे का, हे बऱ्याचदा सांगता येतं. म्हणजे इथे उपयोगी पडते ती जंतूची जनुकीय तपासणी, माणसाची नव्हे.

मग जनुकांचा वाटा काहीच नाही? आहे. १९७८ साली अमेरिकी साथरोगतज्ज्ञ जॉर्ज कॉमस्टॉक यांनी ब्रिटनमधल्या जुळ्यांच्या जुन्या नोंदी पुन्हा तपासल्या. एकाला टीबी असताना दुसऱ्यालाही असण्याचं प्रमाण एकसारख्या जुळ्यांत सुमारे ३१ टक्के, भिन्न जुळ्यांत १५ टक्के निघालं. एकसारखी जुळी एकमेकांना जास्त चिकटून असतात, हा आक्षेप मला रास्त वाटतो. शिवाय तोच आकडा उलटा वाचा: जनुकं तंतोतंत तीच असूनही दोन-तृतीयांश जोड्यांत दुसरं जुळं आजारी नव्हतं.

नेटवर ‘टीबीचं जनुक’ शोधलंत तर एसएलसी११ए१ हे नाव भेटेल. उंदरांत या जनुकातल्या एका बदलाने बीसीजी या टीबीच्या लसीतल्या जंतूंपुढे टिकाव लागतो की नाही हे ठरतं. माणसांत, १९९८च्या गाम्बियातल्या अभ्यासापासून पुढे, परिणाम माफकच दिसला. टीवायके२ या जनुकातला पी११०४ए हा बदल जास्त वजनदार, पण तो आई आणि वडील दोघांकडून आलेला असावा लागतो. यूरोपीय वंशाच्या लोकांत साधारण ६०० जणांत एकाची अशी स्थिती असते. डीएनए कंपन्यांच्या अहवालात ‘टीबीचा धोका वाढलेला’ अशी ओळ दिसली, तर तेवढ्यावरून काही ठरवू नका.

जनुकीय तपासणी खरंच हवी, असे कागद थोडे असतात, पण ते ओळखता आलेच पाहिजेत. बीसीजीनंतर काखेत छोटी गाठ येणं वेगळं. लसीतला जंतूच बाळाच्या हाडांत, यकृतात पसरला तर ती धोक्याची घंटा. टीबीच्या एरवी निरुपद्रवी असलेल्या भाऊबंद जंतूंनी मूल गंभीर आजारी पडणं, साल्मोनेला या जंतूचा आजार पुन्हा पुन्हा उलटणं, लहान वयात अंगभर पसरलेला टीबी, आणि वर ती नात्यातल्या लग्नाची दुहेरी रेघ. असा कागद घेऊन थेट प्रतिकारशक्तीच्या तज्ज्ञाकडे जा. इंटरफेरॉन गॅमा आणि इंटरल्यूकिन १२ या, प्रतिकारशक्तीच्या पेशींमधले निरोप पोचवणाऱ्या प्रथिनांच्या साखळीतलं एखादं जनुक बिघडलेलं असू शकतं. असा पहिला बिघाड १९९६ मध्ये सापडला. काही प्रकारांत इंटरफेरॉनची इंजेक्शनं उपयोगी पडतात. आणि पुढचं मूल होणार असेल तर बीसीजी टोचण्याआधी, जन्मतःच डॉक्टरांना हे सांगा. तपासणी होईपर्यंत ती लस थांबवावी लागते.

बाकीच्यांनी कुंपणातल्या प्रत्येकाची तपासणी करून घ्यावी आणि आजार नसल्याची खात्री झाल्यावर प्रतिबंधक औषधाबद्दल विचारावं. मधुमेह, एचआयव्ही, धूम्रपान आणि उपासमार हे धोके जनुकांपेक्षा ठळक आहेत. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या झारखंडमधल्या चाचणीत रुग्णाच्या घरच्यांना जादा पोषक आहार दिल्यावर त्यांच्यातला नवा टीबी ३९ टक्क्यांनी घटला.

कागदावर एक नोंद अजून करा: टीबीच्या गोळ्यांनी घरात कोणाला कावीळ झाली होती का? आयसोनियाझिड हे टीबीवरचं एक मुख्य औषध शरीरात किती लवकर निकामी होतं, हे एनएटी२ या जनुकावर अवलंबून असतं. ज्यांच्यात ते हळू होतं, त्यांच्या यकृताला त्रास होण्याची शक्यता जास्त. अशी नोंद असेल तर पहिली गोळी घेण्याआधी डॉक्टरांना दाखवा. गोळ्या सुरू झाल्यावर मळमळ, गडद लघवी किंवा पिवळे डोळे दिसले तर त्याच दिवशी त्यांना गाठा. गोळी बदलायची की थांबवायची, हे ते यकृताची तपासणी करून ठरवतील.